भाग ७४ : ३८ सेकंदांची क्लिप

(वाचणाऱ्यांसाठी : बोलताना जिथे अडखळले, पाणी प्यायले, गल्लीतला भोंगा थांबायची वाट पाहिली, ते लिहिताना काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

भाग चौऱ्याहत्तर. कूलर बंद केलाय, पंखा बंद केलाय, खिडकी लावून घेतलीय. मे महिन्यात अकोल्यात ही तिन्ही कामं एकाच वेळी करणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर पॉडकास्टवाला. त्यामुळे आज पाल्हाळ लावणार नाही असं म्हणते, पण तुम्ही मला ओळखता.

आज पाहुणं कोणी नाही. मागच्या आठवड्यात एका कॉलेजात पोरापोरींसमोर बोलायला गेले होते. विषय होता, स्वतःच्या बळावर पॉडकास्ट कसा वाढवायचा. ते भाषणच भाग म्हणून टाकायचं ठरलं होतं. पण मधेच लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, आणि रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा जनरेटर जास्त स्पष्ट बोलतोय. म्हणून तेच परत सांगतेय. खरं सांगायचं तर दुसरंही कारण आहे. शेवटी एका पोरीनं हात वर केला आणि विचारलं, "ताई, फॉलोअर वाढवायचे तर रील व्हायरल करावंच लागतं ना? तुमचं झालं होतं ना एक?" मी हसून काहीतरी गोलमाल उत्तर दिलं आणि खाली बसले. बसमध्ये परत येताना स्वतःचाच राग आला. तिला द्यायचं होतं ते उत्तर आज देते.

आधी सुरुवातीचं. २०२१ साली आपला पहिला भाग आला. सामान म्हणजे फोन, साडेसातशे रुपयांचा कॉलर माइक आणि आईच्या चार गाद्या. कापसाच्या गावात राहण्याचा हा एक फायदा. स्टुडिओवाले भिंतीला फोम लावतात, आमच्याकडे पिंजाऱ्याने भरलेल्या गाद्या आहेत. दोन भिंतीला उभ्या, एक समोर टेबलावर, एक दाराला. आवाज असा कोरडा येतो की विचारू नका. पहिल्या महिन्यात अकरा जण ऐकायचे. त्यातले चार घरचे. पाचवा मीच, दुसऱ्या फोनवरून.

आणि त्या पहिल्या दहा भागांत मी जी बोलतेय ती मी नाहीच. जाऊन ऐका, काढलेले नाहीत. "नमस्कार श्रोतेहो, आजच्या भागात आपण जाणून घेणार आहोत..." असं. बातम्या देणाऱ्या बाईसारखं. मला वाटायचं, पॉडकास्ट म्हणजे पुण्या-मुंबईचे लोक ऐकणार, त्यांच्यासारखंच बोललं पाहिजे. आजीला एक भाग लावून दिला. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे कोण बोलून राह्यली? तुह्या आवाजासारखाच आवाज हाय हिचा."

झालं. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. वऱ्हाडी बोलायला लागले, पण ती पण खोटीच. प्रत्येक वाक्यात "बे", प्रत्येक वाक्यात "काहून". घरी आम्ही कोणी इतकं वऱ्हाडी बोलत नाही. लोकांना मजा येत होती, कमेंटमध्ये हसणाऱ्या इमोजी येत होत्या, आणि मी आपल्याच आजीच्या भाषेचा तमाशा करत होते. आपल्याकडे सिनेमा-नाटकात वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो बहुतेक हसवायलाच येतो. मी तेच करत होते, फक्त घरात बसून. हे बंद करायला मला आणखी दहा भाग लागले. आता बोलते तसं, हे असं मिसळलेलं, ऑफिसात थोडं वेगळं, घरी थोडं वेगळं, हेच माझं आहे. "ऑथेंटिक राहा" असं सगळे सांगतात. पण ते ठरवून राहायला गेलं की त्याचाही मेकअप होतो, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यावर हा विषय संपला असं वाटलं होतं. संपला नव्हता, त्याच्याकडे येते.

थोडं पॉडकास्ट या प्रकाराबद्दल, कारण पुढचं त्याच्याशी जोडलेलं आहे. "पॉडकास्टिंग" हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने "गार्डियन"मधल्या लेखात वापरला. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. २००५ च्या जूनमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले. पण खालचं यंत्र त्याआधीचं आहे, आरएसएस फीड. म्हणजे काय, तर इंटरनेटवर ठेवलेली एक यादी. या यादीत माझ्या प्रत्येक भागाचं नाव आणि ऑडिओ फाइलचा पत्ता असतो. तुमचं ॲप अधूनमधून ती यादी उघडून बघतं, नवीन काही दिसलं की तुम्हाला दाखवतं. एवढंच. यात कोणाचा अल्गोरिदम नाही, कोणाची परवानगी नाही. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं तेव्हा आपले बरेच ऐकणारे तिथे होते. पण यादी माझ्याकडे होती, म्हणून ते दुसऱ्या ॲपवर गेले आणि आपला पॉडकास्ट तिथेही सापडला. ज्यांचं सगळं एकाच ॲपच्या पोटात असतं त्यांची ते ॲप बंद झाल्यावर काय गत होते, विचार करा. तुम्ही सुरू करणार असाल तर माझा पहिला सल्ला माइकचा नाही, हा आहे. फीड तुमच्या नावावर असू द्या, आणि होस्टिंग बदललं तर ते सोबत नेता येतं का हे आधी बघून घ्या.

आता आकडे. जो तो विचारतो, किती डाउनलोड? डाउनलोड म्हणजे ऐकणारा माणूस नव्हे. जाहिरातवाल्यांच्या संघटनेचा नियम असा की किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरला की एक डाउनलोड धरायचा. उतरला, ऐकला नव्हे. २०२३ मध्ये आयओएस १७ आलं, ॲपलने भाग आपोआप उतरवायची पद्धत बदलली, आणि मोठमोठ्या पॉडकास्टचे आकडे घसरले. ऐकणारे होते तेवढेच होते. न ऐकता नुसत्या फोनमध्ये साचत होत्या त्या फाइली बंद झाल्या. मी ते वाचलं तेव्हा आपले आकडे उघडून बसले, आणि दुसरा आलेख पाहायला शिकले. भागाच्या कितव्या मिनिटाला किती लोक उरतात, तो. आपल्या पॉडकास्टवर शेवटपर्यंत उरणारे लोक थोडे आहेत, पण दर वेळी जवळपास तितकेच असतात. ते तुम्ही आहात.

आणि व्ह्यूज? ते तर डाउनलोडपेक्षाही हलके. बोट वर सरकवता सरकवता डोळ्यासमोरून गेलं तरी व्ह्यू. हे मी कुठे शिकले, तेच आता सांगते.

एका बाजारगावात, गावाचं नाव घेत नाही, बाजार समितीच्या यार्डात हमाली करणारे एक काकाजी आहेत. साठीच्या आसपास. चाळीस वर्षं पोतं पाठीवर. आपण त्यांच्याशी बोललो होतो, तो भाग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. पोतं उचलताना आधी कुठला गुडघा वाकवायचा, तुरीचं पोतं आणि सरकीचं पोतं यांत पाठीला काय फरक पडतो, हुकाने पोतं कसं ओढायचं की बारदान फाटणार नाही, अशा गोष्टी. १९६९ चा माथाडी कायदा आपल्याकडे आहे, पण ते नाव त्यांनी कामाला लागल्यावर कितीतरी वर्षांनी ऐकलं, हेही. पंचावन्न मिनिटं. मला वाटतं आपल्या पॉडकास्टवरचा सगळ्यात चांगला भाग तो आहे, आणि त्यात माझं फार काही नाही. मी फक्त गप्प बसले होते.

त्यात एका ठिकाणी वजनाचा विषय निघाला. काकाजी म्हणाले, जुन्या दिवसांत तराजू होता, दांडीचा. "तराजू असला का मापात मारलंच समज. आपल्या डोयासमोर. बोलाची सोय नाही. बोललं का उद्या काम नाही." मग थांबले, तंबाखू मळली, आणि म्हणाले, आता इलेक्ट्रॉनिक काटा आला, "मंग थो धंदा बंद झाला. आता आकडा समद्याले दिसते."

आता मी काय केलं ते ऐका. रील बनवायला ३०-४० सेकंद पाहिजे होते. "तराजू" हा शब्द असलेला तुकडा मी काढला, कारण त्यात मागे एक ट्रॅक्टर वाजत होता. खरंच वाजत होता. आणि नंतरचा काट्याबद्दलचा तुकडा काढला, कारण त्यानं धार कमी होत होती. उरलं काय? "मापात मारलंच समज. आपल्या डोयासमोर. बोलाची सोय नाही. बोललं का उद्या काम नाही." खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाजार समितीत काय चालतं? हमालाच्या तोंडून ऐका." मागे एक संथ, दुःखी सूर लावला. चेहरा नव्हता, आवाज होता आणि पोत्यांचा फोटो. ३८ सेकंद.

एकही शब्द मी बदलला नव्हता. सगळे शब्द त्यांचेच. आणि तरी ते खोटं होतं. बंद झालेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलत होता, मी ती चालू करून दाखवली.

फेब्रुवारी महिना, तुरीची आवक जोरात. शेतकऱ्यांच्या मनात भावाचा राग आधीच होता. क्लिप उडाली. पहिल्या दिवशी ४० हजार, दुसऱ्या दिवशी दीड लाख. मी दर दहा मिनिटांनी फोन उघडत होते. ऑफिसात साहेबांसमोर टेबलाखाली फोन धरून बघत होते. तीन वर्षं अकरा, चाळीस, दोनशे, सहाशे असे आकडे बघितलेल्या माणसाला दीड लाख म्हणजे काय असतं, हे ज्यानं कधी काही सुरू केलंय त्यालाच कळेल. मी आईला पेढे आणायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकाजींच्या नातवाचा मेसेज आला. "ताई, तो व्हिडिओ काढता का? आबाले दुकानावर बोलवणं बंद केलं." चेहरा नव्हता म्हणून मी निर्धास्त होते. पण आवाज ओळखायला किती वेळ लागतो? रोज ज्याच्याशी बोलतो त्याचा आवाज तर पहिल्याच शब्दाला कळतो. मी स्वतः आवाजाचं काम करते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता जे सांगतेय ते कॉलेजात सांगायची हिंमत झाली नाही. तो मेसेज मी सव्वासात वाजता वाचला. क्लिप काढली दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. मधल्या वेळात मी काय करत होते? आकडा बघत होते. तेव्हा तो दोन लाख साठ हजार होता. मी स्वतःला सांगत होते की रात्री काढून काय उपयोग, ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं, सकाळी शांतपणे काढू, नातवाशी आधी नीट बोलू. सगळी कारणं एकदम सभ्य. सकाळी तीन लाख झाले आणि मग मी काढली.

नऊ दिवस काकाजींना काम मिळालं नाही. हमालीचे पैसे पोत्यावर असतात, पोतं नाही तर पैसा नाही. आणि तो हंगामाचा महिना होता. ज्या आडतवाल्यांच्या काट्यात खोट नव्हती त्यांच्यावरही मी चिखल उडवला होता, ते वेगळंच.

रविवारी एसटीनं गेले. काकाजी ओट्यावर बसले होते. मी माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मले मराठी बोलता येते का नाही येत?" मी म्हटलं, येते. "मंग माह्या बोलण्यातलं अर्धं काहून खाल्लं?"

नऊ दिवसांच्या हमालीचा अंदाज काढून मी पैसे नेले होते. मला वाटलं, नको म्हणतील, मग मी आग्रह करेन, असं काहीतरी होईल. त्यांनी घेतले, मोजले, आणि बंडीच्या खिशात ठेवले. मग चहा झाला. नंतर मी यार्डात गेले, एका आडतीवर उभ्या उभ्या शेठजींना तो पूर्ण तुकडा, ट्रॅक्टरसकट, फोनवर ऐकवला. त्यांनी ऐकलं, काही बोलले नाहीत, वहीत डोकं घातलं. त्या आठवड्यात काकाजींचं काम सुरू झालं. माझ्या ऐकवण्यामुळे की गाड्यांची रांग लागली होती म्हणून, मला आजही माहीत नाही.

चूक कबूल करणारी क्लिप टाकली, मूळ दोन मिनिटं जशीच्या तशी. ती चार हजार लोकांनी पाहिली. तीन लाख आणि चार हजार. उरलेल्या दोन लाख शहाण्णव हजारांच्या डोक्यात आजही तेच असेल.

आणि फायदा काय झाला, ते पण ऐका. क्लिप तीन लाख लोकांनी बघितली त्या आठवड्यात पूर्ण भाग ऐकणारे नवीन लोक साठच्या आसपास वाढले. महिन्याभरात त्यातले बहुतेक गेले. म्हणजे व्यवहार म्हणून पाहिला तरी तो तोट्याचाच होता. पण हे मी मुद्दाम नंतर सांगतेय. साठच्या जागी सहा हजार वाढले असते तरी ती क्लिप तितकीच खोटी होती. तोटा झाला म्हणून मला शहाणपण सुचलं असं असेल, तर ते फार दिवस टिकायचं नाही.

नंतर शोधता शोधता मला एक जुनी गोष्ट सापडली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गिमलेट नावाची पॉडकास्ट कंपनी सुरू झाली. ॲलेक्स ब्लूमबर्ग हा रेडिओतला नावाजलेला माणूस, तो कंपनी कशी उभी करतोय यावरच "स्टार्टअप" नावाचा पॉडकास्ट करत होता. त्यांच्या दुसऱ्या एका पॉडकास्टमध्ये वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात होती, आणि तिच्यात एका लहान मुलाचं बोलणं वापरलं होतं. त्यानं स्वतः वेबसाइट बनवली होती. मुलाच्या आईचा समज असा झाला होता की ही "धिस अमेरिकन लाइफ" या रेडिओ कार्यक्रमासाठीची मुलाखत आहे. जाहिरात आहे हे तिला नीट सांगितलंच गेलं नव्हतं. तिनं ते जाहीरपणे बोलून दाखवलं. मग ब्लूमबर्गने "स्टार्टअप"चा एक अख्खा भाग या चुकीवर केला. नावच होतं, आमची चूक झाली. कुठे घाई झाली, कोणी काय गृहीत धरलं, सगळं.

तो भाग मी दोनदा ऐकला. त्यात मुलाचे शब्द बदललेले नव्हते. माझ्यासारखंच. आपण कशासाठी बोलतोय हे फक्त बोलणाऱ्याला माहीत नव्हतं. मी काकाजींना पॉडकास्ट म्हणजे काय ते सांगितलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं. पंचावन्न मिनिटांना हो म्हटलं होतं. ३८ सेकंदांना कोणी विचारलंच नव्हतं. मी तीन वर्षं स्वतःच्या आवाजाचा खरेपणा घासूनपुसून बघत होते, शुद्ध बोलू की वऱ्हाडी बोलू, आणि माझ्या पॉडकास्टमध्ये निम्म्याहून जास्त आवाज तर दुसऱ्यांचा असतो.

तेव्हापासून आपल्याकडे काय बदललं ते थोडक्यात. क्लिप काढायची असेल तर ती आधी बोलणाऱ्याला व्हॉट्सॲपवर जाते, वर लिहायची ओळसुद्धा. ते हो म्हणतील तरच. कितीतरी वेळा नाही म्हणतात. एका आशाताईंनी सांगितलं, "मी बोलले ते खरं आहे, पण माझ्या सासूबाई रील बघतात, पॉडकास्ट नाही ऐकत." मला हे फार आवडलं. एकच वाक्य, एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी घर मोडतं. शिवाय कापताना मी आता एक करते, तुकड्याच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट परत ऐकते. अर्थ उलटत असेल तर तो तुकडा सोडून द्यायचा, कितीही धारदार असो. "अं", "म्हंजे", खोकला हे काढते, श्वास ठेवते. ट्रॅक्टर असला तर असू दे.

याने वाढ मंदावली. खोटं कशाला बोलू? महिन्याला आठ रील यायची, आता दोन येतात. माझ्यानंतर सुरू झालेले दोन-तीन जण माझ्या कितीतरी पुढे गेले. कधीकधी रात्री त्यांचे आकडे बघून पोटात दुखतं, मग फोन ठेवून देते.

मग लोक येतात कुठून? तर याचं उत्तर मला तुमच्याच मेसेजमधून मिळालं. आपल्याकडे कृषिपंपाला काही दिवस दिवसाची लाइन असते, काही दिवस रात्रीची. रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला पोरगा काय करेल? फोन खिशात, एक इअरफोन कानात, दुसरा कान मोकळा, कारण जनावराची चाहूल लागली पाहिजे. असे आपले बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी एकानं लिहिलं, "ताई, वावरात रेंज नाही राहत, घरून उतरवून नेतो, पण फाइल लय मोठी असते." मला लाज वाटली. मी १२८ केबीपीएस स्टिरिओ टाकत होते, जणू सिंफनी आहे. अर्ध्या तासाचा भाग २९ एमबी. बोलण्याला मोनो पुरतं. ६४ केबीपीएस मोनो केलं, तोच भाग साडेचौदा एमबीच्याही आत आला. आणि एका कानात ऐकणाऱ्याला स्टिरिओ काय कामाचा? उलट मोनोमध्ये दोघांचेही आवाज त्याच्या एका कानात नीट येतात. आवाजाची पातळी उणे सोळा एलयूएफएसच्या आसपास ठेवते, ॲपलही तेच सुचवतं, म्हणजे मोटारपंपाच्या आवाजात आवाज वर-खाली करावा लागत नाही. या एका बदलानंतर गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या भागांच्या फाइली फिरायला लागल्या. त्या मला मोजता येत नाहीत. माझ्या आलेखात ती माणसं नाहीतच. पण मूर्तिजापूरच्या फलाटावर शकुंतलेची, म्हणजे आपल्या त्या जुन्या नॅरोगेज गाडीची, चौकशी करताना एक मुलगा माझा आवाज ऐकून वळला आणि म्हणाला, "तुम्ही त्याच ना?" तेव्हा मला ते आठवलं. काकाजींना आवाजामुळे ओळखलं तसंच मलाही ओळखलं. फक्त माझं त्यात नुकसान काही झालं नाही.

पैशाचं लवकर सांगते, गरम होतंय. रोमन मार्सचा "नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल" २०१० मध्ये सुरू झाला, तो सुरुवातीला हे घरातून करायचा, आणि २०१२ मध्ये त्यानं ऐकणाऱ्यांकडून किकस्टार्टरवर एक लाख सत्तर हजार डॉलर उभे केले. २०२१ मध्ये त्यानं तो सिरियसएक्सएमच्या स्टिचरला विकला. त्याला मी नावं ठेवत नाही, अकरा वर्षं एकट्यानं ओढायचं म्हणजे काय असतं ते मला कळतं. गिमलेटही २०१९ मध्ये स्पॉटिफायने घेतली. आपलं सांगायचं तर क्यूआर कोडवर दर महिन्याला जे येतं त्यात होस्टिंग आणि एसटीचं भाडं निघतं. गेल्या वर्षी झटपट कर्ज देणाऱ्या एका ॲपचा मेल आला होता, एका भागाचे माझ्या महिन्याच्या पगाराच्या निम्मे देत होते. अट एकच, जाहिरात वाटली नाही पाहिजे, "सहज बोलता बोलता" नाव घ्या. आपल्याकडे जाहिरातीच्या मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियम आहेत, पैसे घेतले असतील तर तसं सांगावं लागतं. पण नियम नसता तरी रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या पोराला, ज्याच्या बापावर आधीच सोसायटीचं कर्ज आहे, त्याला मी सहज बोलता बोलता काय सांगणार होते? नाही म्हटलं. आमच्या चौकातल्या लाकडी घाणीवाल्यांची जाहिरात आपण घेतो, भागाच्या सुरुवातीला "ही जाहिरात आहे" असं म्हणून. त्यांचं जवसाचं तेल आम्ही घरी वापरतो. करडईचं वापरत नाही, म्हणून करडईचं नाव मी घेत नाही, आणि त्यांना हे मान्य आहे.

तर कॉलेजातल्या त्या पोरीला : हो, माझं एक रील व्हायरल झालं होतं. ते कसं झालं ते हे असं.

पुढच्या भागात काकाजी परत येताहेत. मी विचारायचं धाडस करत नव्हते, त्यांच्या नातवानंच विचारलं. यंदा त्यांनी पोतं उचलणं सोडलं, आता घरी असतात आणि म्हणे दिवसभर बोलतच असतात. विषय त्यांनीच ठरवलाय, यार्डातल्या बायका. सांडलेलं धान्य झाडून, पाखडून, निवडून ठेवणाऱ्या. त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही म्हणाले. त्यातल्या दोघी सोबत येणार आहेत. अट घातलीय, "मी सांगन तिथंच कापजो." मी कैची त्यांच्या हातात द्यायला तयार आहे, पण पंचावन्न मिनिटांचे सव्वादोन तास झाले तर मला बोलू नका.

गाद्या ओल्या झाल्यात आता, माझ्या घामाने. कूलर लावते. भेटू.